खडूचे गोल

भिवाने बॅटरी तिरपी धरून गिटारच्या पाठीवर उजेड पाडला, डोळे बारीक केले आणि खिशातला खडू काढला.

"इथं ब्रशची रेघ दिसतेय," म्हणत त्याने त्या जागेभोवती गोल काढला. शेजारी दुसरा. मग गिटारच्या कडेवर तिसरा.

त्याची लेक दीक्षा शेजारी उभी राहून ब्रश पुसत होती.

चाकणच्या कंपनीत, पेंट शॉपला, भिवाची उभी हयात यातच गेली होती. गाडी समोर आली की दोष हुडकायचा आणि त्याला गोल करायचा. रंग मारणारे वेगळे, दुरुस्ती करणारे वेगळे. जिच्यावर एकही गोल पडायचा नाही, तिच्या काचेवर तो मोठ्या अक्षरांत 'ओके' लिहायचा. रिटायर झाला, पण खडू काही सुटला नाही. एखाद्या दिवशी हा माणूस माझ्या भाकरीलाही गोल काढील, असं त्याची बायको सरूबाई म्हणायची.

लेकीने हिंजवडीची नोकरी सोडून मोशीत गाळा भाड्याने घेतला आणि गिटारी बनवायला लागली. लाकडावरचं चकचकीत लॅकर ती फवाऱ्याने नाही, ब्रशने मारायची. रोज संध्याकाळी भिवा येऊन गोल काढायचा. रोज सकाळी ती तेवढं घासून नवा हात मारायची. ही गिटार मारुंजीच्या योगिनी मॅडमची. त्यांना दिलेली तारीख कधीच उलटून गेली होती.

"पप्पा, सोमवारपासून मी परत नोकरीवर जातेय," दीक्षा म्हणाली. "गाळ्याची किल्ली उद्या मालकाला देऊन टाकते. रोज नापास व्हायचा कंटाळा आलाय मला."

"मी फक्त चूक दाखवतो गं."

"हो ना. तेवढीच दाखवता."

तिने पाठीवरचे दोन्ही गोल फडक्याने पुसले, ब्रश लॅकरमध्ये बुडवून डब्याच्या काठावर निपटला आणि त्याच्यापुढे धरला.

"आजचा हात तुम्ही मारा. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका दमात. मागे यायचं नाही."

यात काय मोठंसं, असं भिवाला वाटलं. पहिला पट्टा छान गेला. दुसऱ्यात मध्येच एक बारीक जागा कोरडी राहिलेली दिसली. दिसल्यावर त्याला कुठलं राहवतंय? त्याने ब्रश मागे नेला. लॅकर तोवर धरू लागलं होतं. ते ब्रशबरोबर ओढलं गेलं आणि दुधाच्या सायीसारखी सुरकुती उठली. ती मोडायला त्याने पुन्हा ब्रश फिरवला. मग तर विचारूच नका.

भिवाने ब्रश खाली ठेवला. त्याला लेकीसमोर फार लाज वाटली. खडू टेबलावरच होता, पण दीक्षाने तो उचलला नाही.

"असू द्या. वाळल्यावर घासता येतं ते," ती म्हणाली. "चला, आई जेवायची थांबली असेल."

"तू हो पुढं. मी शटर ओढून येतो."

ती गेल्यावर त्याने बॅटरी पुन्हा पेटवली आणि गिटारची कड पाहिली. ती दीक्षाने रंगवलेली होती. मघाशी त्याने दोष म्हणून गोल केलेली रेघ या टोकाहून निघून त्या टोकाला पोचली होती; कुठे अडली नव्हती, कुठे मागे फिरली नव्हती. मग अंगठ्याने त्याने तो तिसरा गोल पुसला.

सकाळी दीक्षा सामान आवरायला आली, तर शटरवर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : ओके.

अक्षरं गुंडाळली जाऊ नयेत म्हणून तिने शटर अर्ध्यावरच उचललं, वाकून आत गेली आणि कालची सुरकुती घासायला पॉलिश पेपर शोधू लागली.