वामनरावांचं जड मशीन

त्या वर्षांत चंद्रपुरात कॉलेज सुटलं की अर्धी मुलं टायपिंगला पळत. नुसत्या पदवीवर नोकरी लागेल असा भरवसा कुणाला नव्हता, टायपिंगच्या सर्टिफिकेटवर मात्र सगळ्यांचा होता. वामनरावांच्या क्लासात नऊ मशिनं. त्यातलं एक फार जड. ओळ संपली की घंटी वाजायची आणि डाव्या हातानं कागद धरणारं कॅरेज परत उजवीकडे लोटावं लागायचं. या मशिनाचं कॅरेज म्हणजे चिखलात रुतलेली बैलबंडी! आणि मुलं त्याच मशिनासाठी भांडत. इथं हात बसला की परीक्षेचं मशीन फुलासारखं चालेल, अशी सगळ्यांची समजूत. वामनरावांचीही.

भद्रावतीहून बसनं येणाऱ्या प्रेमिला रामटेकेनं दोन महिने आपल्या तासाला ते मशीन सोडलं नाही. आलापल्लीला वनखात्यात टंकलेखकाच्या जागा निघाल्या होत्या. टायपिंगची ही परीक्षा हुकली तर पुढची सहा महिन्यांनी, आणि तोवर जागा भरून गेल्या असत्या.

आधी सकाळच्या तासाला त्याच मशिनावर बसणाऱ्या चैतूचं डावं कोपर धरलं.

"काऊन बे, पाण्याचा लोटा तरी उचलते का?" त्याच्यानंतर त्या मशिनावर बसणारा श्रीहरी त्याला चिडवायचा. पंधरा दिवसांत तोही कोपराला फडकं बांधून आला. मग एका सकाळी प्रेमिलाला वेणी घालता येईना.

डॉक्टरांनी कोपर दाबून पाहिलं. "हाड शाबूत आहे. शिरा ताणल्यात. महिनाभर या हातानं काही करायचं नाही."

"आठ दिवसांवर परीक्षा आहे, डॉक्टरसाहेब."

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या.

क्लासात वामनराव म्हणाले, "बोटं चालून राह्यले ना तुहे? मंग?"

"बोटं चालते सर. हातच उठत नाई."

"कळ काढ पोरी. मी तरी काय करू?"

परीक्षेचं मशीन खरंच हलकं निघालं. बोटं अशी धावली की पहिली ओळ कधी संपली तिला कळलंच नाही. घंटी वाजली. डावा हात वर गेला, अर्ध्यावर थांबला आणि खाली आला. तिनं उजवा हात आडवा नेऊन कॅरेज लोटलं. दुसऱ्या ओळीला तेच, तिसऱ्या ओळीलाही. शेजारच्या मुलीची घंटी पुढं पुढं पळत होती. उतारा तिला जवळजवळ पाठ होता, एक अक्षर चुकलं नव्हतं. पर्यवेक्षकांनी "हात वर" म्हटलं, तेव्हा सहा ओळी उरल्या होत्या. तिचा एकच हात वर गेला.

"बाई, दोन्ही हात."

"नाई होत सर," ती म्हणाली.

बाहेर तिची आई बायनाबाई कडुनिंबाखाली डबा घेऊन बसली होती. पोरीला नोकरी लागल्यातच जमा, असं गावातल्या चार बायांना तिनं सांगूनही टाकलं होतं.

"झाला पेपर? मंग आलापल्लीले खोली पाहा लागन ना आता? मी येतो सोबत, तुले एकटीले कशी ठेवू?"

प्रेमिला तिच्या शेजारी टेकली. आईनं तिचं कोपर मांडीवर घेतलं आणि चोळायला लागली. जीव जाईल असं दुखत होतं. आईला थांबवलं असतं तर सुटलेल्या सहा ओळींपर्यंत सगळं सांगावं लागलं असतं. तिनं चोळू दिलं.