छाटलेले तुरे

चार दिवसांसाठी बाईसाहेबांना थोरलीकडे ठेवताना धाकटीने दहादा बजावलं होतं, "ताई, घरात लिलीची फुलं आणू नकोस. मांजराला विष आहे ते. पान चावलं, अंगावर सांडलेले पराग चाटले, फुलदाणीतलं पाणी प्यायली, तरी संपलं!" बाईसाहेब म्हणजे तिची अकरा वर्षांची मांजर. नाकावर माशी बसू द्यायची नाही, म्हणून ते नाव.

"अगं बाई, पोटच्या पोरांचंसुद्धा कुणी एवढं करत नाही," ताई हसली होती.

धाकटी परतून ताईकडे तिला न्यायला गेली, तर बाईसाहेब कपाटाखाली निपचित, ओकून ओकून थकलेली. तिला टॉवेलात गुंडाळून धाकटीने दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी पहिलं हेच विचारलं, "घरात लिली होती का?"

तिने तिथूनच फोन लावला. "ताई, माझी शपथ आहे, खरं सांग."

"छे गं! केस गिळले असतील तिने."

आता सख्ख्या बहिणीच्या शब्दावर कोण शंका घेणार? पोटाचं औषध देऊन डॉक्टरीणबाईंनी घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी लघवी बंद झाली. रक्त तपासलं, तर दोन्ही मूत्रपिंडं निकामी. संध्याकाळी बाईसाहेब धाकटीच्या मांडीवरच गेली.

दुसऱ्या दिवशी धाकटी बाईसाहेबांची तिथे राहिलेली झोपायची टोपली आणायला ताईकडे गेली. टोपली बाल्कनीत होती. तिच्यामागे, बादलीच्या आड, फुलदाणी. सुकलेल्या पाच लिली, आणि प्रत्येकीच्या मधले परागांचे तुरे छाटलेले. धाकटी म्हणजे जन्म शिवणकामात गेलेली बाई, कात्रीचा काप ती ओळखणार नाही? ताईला ठाऊक नसतं, तर तिने तुरे छाटले कशाला असते? केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

"पाहुणे यायचे होते गं," ताई दारातून पुटपुटली. "वाटलं, पराग काढले की झालं."

"आणि फोनवर खोटं का बोललीस? त्याच दिवशी कळलं असतं, तर सलाईन लावून वाचवता आली असती, डॉक्टरीणबाईच म्हणाल्या."

"तू चिडली असतीस."

"चिडलेच असते!" धाकटीचा आवाज फाटला. "आठ दिवस तोंड बघितलं नसतं तुझं. मग आले असते की चहाला, बाईसाहेबांना घेऊन."

तिने टोपली उचलली. ताई "अगं, थांब" म्हणत जिन्यापर्यंत आली. धाकटीने मागे वळून पाहिलं नाही.