एक थेंबही गळला नाही

मित्रांनो, गाडी धुताना तुमचा हात जिथवर कधीच पोहोचत नाही, त्या अंधाऱ्या जागी माझा मुक्काम असतो. मी एक जुना चेंबर आहे. नाव भारदस्त असलं तरी दिवाणखाना वगैरे समजू नका. इंजिनाच्या पोटाखाली बोल्टांनी आवळून बसवलेलं पत्र्याचं खोलगट भांडं, एवढीच माझी ओळख. इंजिनभर फिरून दमलेलं ऑइल माझ्यात येऊन विसावतं. पंपाची एक नळी वरून माझ्या तळाजवळ उतरते. तिच्या तोंडाशी जाळी असते आणि त्या जाळीतून ऑइल पुन्हा वर ओढलं जातं. ते वर गेलं नाही, तर लोखंडावर लोखंड घासतं आणि इंजिनाचा कारभार आटोपतो.

एका मोठ्या कारखान्यात मी सपाट पत्रा म्हणून आत गेलो आणि यंत्राच्या दाबाखाली खोलगट होऊन बाहेर पडलो. माणसांना आकार यायला अर्धं आयुष्य लागतं, ते पाहता माझं लवकरच निभावलं म्हणायचं. मग काळा रंग लागला, इंजिन डोक्यावर आलं आणि आम्ही दोघं एका घरी नांदायला गेलो.

घर तिघांचं. मालक निवृत्त गृहस्थ. त्यांच्याजवळ वेळ मुबलक आणि विश्वास जेमतेम. मालकीणबाईंची जीभ लिंबासारखी, थोडीच पण झोंबणारी. लेक फिजिओथेरपिस्ट. आधी ती काकांच्या दवाखान्यात काम करायची. तिथे काका हुकूम सोडायचे आणि ती मान हलवायची. मग तिने स्वतःचं काम सुरू केलं. आखडलेले गुडघे नि न उचलले जाणारे खांदे घेऊन घरात अडकलेल्या माणसांकडे ती गाडीने जायची आणि त्यांना हलतं करायची. बसथांब्यापासून लांब राहणाऱ्या त्या माणसांपर्यंत पोहोचायला गाडीशिवाय इलाज नव्हता.

गाडी मात्र मालकांची. किल्लीसोबत अट यायची, "ओरखडा जरी आला, तरी किल्ली परत!" एकदा लेकीकडून आरसा भिंतीला घासला, तर त्या आरशाचं सुतक दोन आठवडे चाललं होतं.

रोज सकाळी मालक माझ्याखाली एक पुठ्ठा सरकवायचे आणि चहा पिऊन झाला की बाहेर ओढायचे.

"बघितलंत?" शेजाऱ्यांना ते हाक मारून दाखवायचे. "एवढी जुनी गाडी, पण एक थेंब गळत नाही!"

"गुडघे माझेही दुखतात हो," खिडकीतून मालकीणबाई म्हणायच्या. "एकदा माझ्याखालीही पुठ्ठा सरकवा, म्हणजे कळेल तरी."

कौतुक कोणाला कडू लागतं? मीही फुगायचो. गाडीच्या राज्यात सगळी वाहवा रंगाची नि दिव्यांची. तळघरातल्याला कोण विचारतो? मला मात्र रोज विचारणारा माणूस लाभला होता.

मग एके दिवशी ते घडलं. मालक एकटेच गाडी घेऊन निघाले होते. गाडी सकाळीच धुतलेली. वाटेत चिखलाचं डबकं लागलं. धुतलेली चाकं बरबटू नयेत म्हणून त्यांनी गाडी कडेच्या दगडावरून काढली. चाकं स्वच्छ राहिली. दगड मला लागला.

धाडकन आवाज झाला. माझा तळ आत दबला आणि थेट जाळीला जाऊन भिडला. मालकांनी गाडी थांबवली, मागेपुढे कोणी पाहत नाही ना याची खात्री केली आणि वाकून खाली नजर टाकली. जमीन कोरडी होती. दुसऱ्या दिवशी पुठ्ठाही कोरडाच निघाला. झालं! गळत नाही म्हणजे लागलं नाही, असा निकाल त्यांनी स्वतःपुरता लावला आणि तोंडाला कुलूप घातलं.

मी काय सांगणार? ऑइल माझ्यात काठोकाठ होतं, पण जाळीचं तोंडच दाबलं गेलं होतं. माठ भरलेला आणि घरचे तहानलेले, अशी आमची गत झाली.

दोनच दिवसांनी लेक चढावाच्या रस्त्याने निघाली होती. इंजिनाने जोर लावला तशी वरून टकटक सुरू झाली आणि समोर ऑइलचा लाल दिवा पेटला. "थोडंच तर राहिलंय," असं म्हणून रेटणारे पुष्कळ असतात. या मुलीने तिथल्या तिथे गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि वडिलांना फोन लावला. दोरी बांधून आमची वरात गॅरेजात पोहोचली.

मिस्त्रींनी ऑइल मोजायची पट्टी काढून पाहिली. ऑइल पुरेसं. खाली नजर टाकली. कोरडं. क्षणभर इंजिन चालू करून आवाज ऐकला आणि लगेच बंद केलं.

"बेअरिंगं गेलीत, साहेब. पूर्ण इंजिन खोलावं लागेल."

"म्हणजे गाडीच्या किमतीपेक्षा जास्त खर्च," मालक म्हणाले. "मग भंगारातच द्यायची. दुसरं काय?"

"आणि माझं काम, बाबा?"

"काकांच्या दवाखान्यात जागा आहेच की."

तेवढ्यात लेकीचा फोन वाजला. पलीकडून तिच्या रुग्ण असलेल्या एक आजी इतक्या मोठ्याने बोलत होत्या की मला खालीसुद्धा ऐकू आलं.

"अगं, कुठे आहेस? मी काठी घेऊन केव्हाची उभी आहे. आज जिना उतरायचा म्हणाली होतीस ना?"

"आजी, आज नाही जमणार." लेक म्हणाली. "पुढचं... पुढचं सांगते मी."

"बरं बाई. मी बसत नाही मात्र हं. एकदा बसले की पुन्हा उठायचा कंटाळा येतो."

फोन बंद झाला. मालक शेजारीच उभे होते. मला त्यांचे फक्त बूट दिसत होते, पण मित्रांनो, माणूस खोटं पचवायला धडपडत असला की त्याचे बूटसुद्धा अस्वस्थ होतात. ते बूट दाराकडे गेले, परत आले, पुन्हा गेले.

"मिस्त्री," शेवटी ते खाकरले, "खालून नीट पाहिलंत का?"

"खाली काय पाहायचंय? गळती तर नाहीये."

"नाही, तरीपण..."

"का? कुठे आपटली होती का?"

लेक वडिलांकडे बघू लागली.

"आपटली होती," मालक म्हणाले. "मीच आपटली. दगडावर. चाकं चिखलात जाऊ नयेत म्हणून."

"बाबा! आणि आरशावरून मला केवढं बोललात!"

"हो," मालक म्हणाले. "म्हणून तर सांगता येईना."

मिस्त्रींनी हसू आवरलं, दिवा घेतला आणि ते पाठीवर सरकत माझ्याखाली आले. "अहो, हा केवढा पोचा! मी इंजिनाला दोष देतोय नि दुखणं इथे! चोर सोडून संन्याशाला फाशी झाली असती की!"

त्यांनी ऑइल काढलं, बोल्ट सोडवले आणि चिकटून बसलेल्या मला हळूच सुटं केलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी उजेड पाहिला. जाळीच्या तोंडावर माझ्या पोच्याचा वण स्पष्ट उमटला होता. बेअरिंगंही खालून उघडून पाहिली. ती शाबूत निघाली.

"पोरीने वेळेवर बंद केली म्हणून वाचलं हे सगळं," मिस्त्री म्हणाले. "अजून जरा रेटली असती तर मी म्हणालो होतो तेच खरं झालं असतं."

"नवा चेंबर घालायचा का?" मालकांनी विचारलं.

"पत्र्याला चीर असती तर नवाच घातला असता. हा दबलाय फक्त. निघेल."

मग मला लाकडी ठोकळ्यावर ठेवून त्यांनी आतून पोचा ठोकून काढला. दुखलं का म्हणाल, तर दुखलं. पण एक ठोका बिघडवण्यासाठी असतो आणि एक सुधारण्यासाठी, हा फरक पत्र्यालाही कळतो. माझे काठ सरळ आहेत का ते तपासलं. रॉकेल भरून रात्रभर ठेवलं. कुठे पाझर नाही असं पाहून, नवं पॅकिंग लावून मला जागेवर बसवलं. नवं ऑइल आलं. किल्ली फिरली. लाल दिवा क्षणभर पेटला आणि विझला. टकटक थांबली. लेक गाडी घेऊन थेट त्या आजींकडे गेली. पार्किंगमधून मला त्यांच्या जिन्याचा खालचा भाग दिसत होता. आधी एक काठी खाली आली, मग एक पाऊल, मग दुसरं. आणि वर कोणीतरी शिट्टी वाजवली. ती आजींनीच वाजवली होती, हे मला नंतर कळलं.

परवाच लेकीने गाडी आत घेताना फाटकाला घासली. तिने चप्पलसुद्धा काढली नाही, दारातूनच सांगितलं, "बाबा, मागचा दरवाजा घासला. माझ्याकडूनच."

मालक उठून बाहेर आले. "तुला लागलं नाही ना?" त्यांनी विचारलं. मग लुंगी सावरत जमिनीवर गुडघे टेकले आणि बॅटरी घेऊन खाली डोकावले. दरवाजा वरती घासला होता, तरीही!

"किल्ली परत घेणार का?" खिडकीतून मालकीणबाईंनी विचारलं.

"कशाला? सांगणारा ड्रायव्हर मिळत नाही हल्ली."

मित्रांनो, मी तळातला माणूस, मोठ्या गोष्टी मला शोभत नाहीत. तरी एवढं ऐका. जमीन कोरडी आहे म्हणून कोणाला लागलंच नाही, असं धरून चालू नका. ठोकर लागली तर त्याच दिवशी सांगा. आणि तुमच्याकडे कोणी सांगायला आलं, तर रागवायच्या आधी पूर्ण ऐकून घ्या. कारण एकदा खेकसलात की पुढच्या वेळी माणूस सांगणार नाही. आणि आम्हाला तर बोलताच येत नाही.