बर्फातलं डोहाळजेवण

माझ्या सुनेला सातव्या महिन्यात अस्वल दिसायला लागलं. पांढरं, बर्फातलं. बाकीच्या बायकांना चिंचा-आवळे आठवतात. आमच्या अमिताचं सगळंच निराळं.

टीव्हीवर तिनं एकदा बघितलं, तेव्हापासून डोळा लागला की ती अस्वलीण यायची. बर्फात बीळ खणायची, आत शिरायची. महिनोन्‌महिने पोटात कण नाही आणि तशीच बाळंत व्हायची. पिल्लं घुशीएवढी. पण तिकडे आता अवेळी पाऊस पडतो म्हणे, आणि बिळाचं छत ठिबकायला लागतं. ठिबकलं की अमिता दचकून उठायची, पोट धरून. मग झोप नाहीच.

तिचं पहिलं पोटातच गेलेलं. डॉक्टरीण म्हणाली, रक्तदाब चढतोय, झोप नाही मिळाली तर मूल वेळेआधी काढावं लागेल. म्हणून तर मी रत्नागिरीचं घर सोडून सौदीतल्या या यान्बूच्या भट्टीत येऊन बसले.

"तुला हवंय तरी काय गं?" मी विचारलं.

"आई, तिला बर्फ हवाय."

"आणि तुला?"

"मलाही तोच."

माझा लेक पंकज रिफायनरीत इंजिनियर. म्हणाला, "तिनं डोक्यात घेतलंय, आई. तो बर्फ आमच्या तेलानंच वितळतो, असं म्हणतात लोक."

"मग बर्फ तूच आणायचा," मी म्हटलं. "डोहाळे पुरवायचे असतात. त्यावर मीटिंग घ्यायची नसते."

बागेतलं डोहाळजेवण मी केलंय, नावेतलं केलंय, चांदण्यातलंही. बर्फातलं आमच्या घराण्यात कोणी केलं नव्हतं. मी केलं.

मासळीबाजारामागे नदीमची बर्फाची खोली आहे. नदीम कराचीचा. पंकजनं लाजत लाजत त्याला सांगितलं. तो हसला नाही, तिथंच मला पसंत पडला. "अम्मा, मेरी वाली को तो मिट्टी खानी थी," म्हणाला, आणि भिंतीला लावून बर्फाच्या लाद्या रचून दिल्या.

दार उघडलं तशी समुद्राची गरम हवा आत घुसली आणि सगळं धुकं धुकं झालं. बाजार दिसेना, ट्रकचे आवाजही कुठंतरी लांब गेले. हिरवी साडी, त्यावर दोन शाली, केसांत मोगरा, अशी अमिता खुर्चीवर बसली. मी ओटी भरली.

"आई, तिचीपण भरा," ती हळूच म्हणाली.

कुणाची, हे मी विचारलं नाही. "नदीम, एक हमूर मासा दे. मोठा दे, हात आखडू नको."

"आई, ते अस्वल सील खातं," पंकज म्हणाला.

"तू गप्प राहा. भुकेली बाई काय नावं ठेवणार आहे?"

हिरव्या खणात नारळ, तांदूळ आणि तो मासा ठेवून मी लाद्यांपाशी वाकले. धुक्यात कुणीतरी लांब श्वास सोडला. पंकज नव्हे, नदीमही नव्हे. मी कुंकवाचं बोट पुढं केलं. बोटाला ओली, राठ लव लागली. मी मागं वळले तर अमिताची मान कलंडलेली. झोपली होती पोर.

पंकजनं तिला उचलून गाडीत घातलं, घरी आणून निजवलं, तरी जाग नाही. मी तिच्या शेजारी लवंडले, भर दुपारची.

डोळा मिटला आणि ती अस्वलीण माझ्याकडे आली. अंगाला पाणी, पोट तेवढं पुढं, पाठीची हाडं मोजून घ्यावीत अशी. "आलीस?" मी म्हटलं. "बरं केलंस. तिला झोपू दे. यायचं तर माझ्याकडे येत जा."

ती माझ्या पाठीशी अंग मुडपून निजली. तिच्या पोटात काहीतरी हललं, ते माझ्या पाठीला कळलं. मग वरून कपाळावर एक थेंब पडला, पाठोपाठ दुसरा. छत भिजलेल्या पिठासारखं मऊ झालेलं. पावसाला मी चार शिव्या हासडल्या आणि दोन्ही तळवे वर लावून छत धरलं. हात बधिर झाले. खाली, फार खाली, अमिताचा श्वास संथ चालला होता.

"आई, चहा ठेवू?" पंकजनं दारातून विचारलं.

छताला लावलेले हात काढता येत नव्हते.