फरक नाही

आमच्या साहेबांना आम्ही पाठीमागे ‘एकपानी’ म्हणतो. अहवाल एका पानाच्या पुढे गेला की त्यांची मान दुखते. बुटांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेचे प्रमुख, नावामागे डॉक्टर, आणि गेल्या सहा वर्षांत त्यांनी हातात परीक्षानळी धरलेली मी तरी पाहिलेली नाही. त्यामुळे नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा त्यांना आकाश ठेंगणं झालं.

मशीनचं काम तसं सरळ. नमुन्यात शेकडो पदार्थांची सरमिसळ असते. मशीन ती एका लांबलचक बारीक नळीतून सोडतं, एकेक पदार्थ आपापल्या वेळेला बाहेर पडतो, त्याचं वजन मोजलं जातं आणि पडद्यावर एक उंचवटा उठतो. आम्ही त्याला पीक म्हणतो. पूर्वी मी ही पीकं एकेक करून डोळ्यांनी तपासायचे. चोवीस नमुन्यांना तीन दिवस लागायचे. सॉफ्टवेअर तेच काम अर्ध्या तासात करतं आणि शेवटी एक पान काढतं, त्यावर हिरवी नाहीतर लाल खूण. ते विकायला आलेला टायवाला म्हणाला होता, “आता डोकं वापरायची गरजच नाही.” साहेबांनी ते त्याच दिवसापासून अमलात आणलं.

माझा धाकटा भाऊ खालच्या मजल्यावर बुटांचे तळवे चिकटवतो. चार महिन्यांपूर्वी त्याच्या पायाची बोटं बधिर झाली. मग चप्पल पायातून निसटली तरी त्याला कळेना. मग एक दिवस खोकी घेऊन जिना उतरताना तो कोसळला, आणि ऑफिसने त्याच्यावर चौकशी लावली: कामावर दारू पिऊन आला. त्याच्याच विभागातले आणखी अकरा जण तसेच अडखळत चालत होते. ऑफिसचं म्हणणं, सगळे एकाच माळेचे मणी. सोमवारी चौकशीचा निकाल होता. कामावरून काढलं तर दारुडा म्हणून काढणार, आणि तो शिक्का बसलेल्या माणसाला दुसरीकडे कोण उभं करणार?

खरं सांगायचं तर मीही त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं होतं. एकदा नाही, तीनदा. तो म्हणायचा, “नाही गं प्यायलो, ताई.” मी म्हणायचे, “बरं बरं.” त्या ‘बरं’चा अर्थ आम्हा दोघांनाही कळत होता.

कामगारांनी फार आरडाओरडा केला म्हणून लघवीची तपासणी ठरली. बारा आजारी, बारा निरोगी. निरोगी साहेबांनी निवडले. “लांब कशाला जायचं? ऑफिसातले घ्या, आपल्या लॅबमधले घ्या.” माझी बाटली चौदा नंबरची. साहेबांनीही स्वतःची दिली, देणगी द्यावी अशा ऐटीत.

अर्ध्या तासात पान आलं. हिरवी खूण. ‘दोन्ही गटांत फरक नाही.’

“सुंठेवाचून खोकला गेला!” साहेब म्हणाले. मग मी समोर आहे हे लक्षात येऊन त्यांनी चेहरा गंभीर केला. “वाईट वाटून घेऊ नका, बाई. पण विज्ञान बोललं. तुमचा भाऊ पितो.”

विज्ञान म्हणे! उचलली जीभ लावली टाळ्याला.

मी जागेवर जाऊन मूळ आलेख उघडले. सगळे, एकेक करून, जुन्या पद्धतीने. नवव्या मिनिटाला एक पीक होतं. ते सॉफ्टवेअरने तुलनेत धरलंच नव्हतं. वगळलेल्या पदार्थांच्या यादीत टाकलं होतं. कारण लिहिलं होतं, ‘सर्व नमुन्यांत आढळते.’ टायवाल्याने तसं लावून दिलं होतं आणि साहेबांनी कोणाला हात लावू दिला नव्हता. अख्ख्या गावाला आग लागली तर हे सॉफ्टवेअर सांगेल की घरं अशीच असतात.

ते पीक कशाचं हे मी वजनावरून ओळखलं. गोंदातला द्रावक श्वासातून शरीरात गेला की त्याचं जे बनतं, ते. नसा खातं. आधी पायांच्या. नुसतं शुद्ध पाणी मशीनमध्ये सोडून पाहिलं तर तिथे काही नव्हतं, म्हणजे दोष मशीनचा नाही. बारा आजारी माणसांत ते पीक उंच होतं. बारा निरोग्यांत थोडं बुटकं, पण होतंच. चौदा नंबरमध्येही होतं.

लॅब आणि ऑफिस दोन्ही चिकटवण्याच्या हॉलच्या बरोबर वर आहेत. खालची हवा खेचणारा पंखा आमच्या व्हरांड्यात उघडतो. नवा माणूस वासाने नाक मुरडायचा तेव्हा आम्ही त्याला नाजूक म्हणून हसायचो. काय पण निरोगी गट!

साहेबांना दाखवलं. त्यांनी पडद्याकडे दोन सेकंद पाहिलं. “सगळ्यांतच आहे ना? मग ते शरीरात असतंच. भावासाठी उगाच काहीतरी उकरून काढू नका.”

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याशी वाद कोण घालणार? शुक्रवारी रजा टाकून मी तीन तासांवरच्या गावी आत्याकडे गेले. तिथे कारखाना नाही, गोंदही नाही.

“इतक्या वर्षांनी आलीस ती हे मागायला?” आत्या म्हणाली. “आधी चहा तरी घे.” पण चहा होईपर्यंत तिने चार शेजारणींच्याही बाटल्या गोळा केल्या. एकीने विचारलं, साखर निघाली तर कळवाल ना?

शनिवारी सकाळी पाचही नमुने मशीनला लावले. नवव्या मिनिटाला पाचही सपाट. ताटासारखे.

मी सहा पानांचा अहवाल साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांची केबिन पंख्याला लागून. सगळ्यात हवेशीर म्हणून त्यांनीच मागून घेतलेली.

“बाहेरचे नमुने नियमात बसत नाहीत,” ते म्हणाले.

“एकोणीस नंबर बघा, साहेब. निरोग्यांमध्ये सगळ्यात उंच.”

“कोणाचा आहे?”

“तुमचा.”

मग टेबलाखाली वाकून त्यांनी बूट काढला आणि पायाची बोटं एकेक करून दाबली. वर आले तेव्हा चेहरा उतरला होता.

“बरं होतं का हो हे?”

चार महिन्यांत बारा माणसं डोळ्यांदेखत लंगडत होती आणि हा प्रश्न त्यांनी आज विचारला. किळस आली मला.

“हवा बदलली तर होतं म्हणतात. सावकाश,” मी म्हणाले. “सही करा.”

त्यांनी सहाही पानं वाचली. सही केली.

सोमवारी आरोप मागे घेतला गेला, चिकटवण्याचा विभाग बंद झाला. संध्याकाळी मी अहवाल घेऊन भावाकडे गेले. तो खाटेवर पाय लांब करून बसला होता. साहेबाची कशी जिरवली ते मी त्याला रंगवून सांगितलं, बूट काढला त्याची नक्कलही केली. भावजय पोट धरून हसली. तो हसला नाही. तो कागद चाळत होता. शेवटच्या पानावर थांबला.

“या पाच कोण?”

“आत्या आणि तिच्या शेजारणी. त्यांच्यामुळेच सिद्ध झालं, तू पीत नव्हतास.”

त्याने कागद नीट घडी करून मला परत दिले.

“आत्याच्या शेजारणींच्या लघवीवर तुझा विश्वास बसला, ताई,” तो म्हणाला. “माझ्यावर नाही बसला.”