बाजेखालची कुऱ्हाड

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. मी एक जुनी कुऱ्हाड आहे, माझ्या पात्यावर गंज चढला आहे, धार बोथट झाली आहे, हे सगळे मला ठाऊक आहे. पण मी आयुष्यभर माणसांच्या संगतीत राहिले आहे. न वापरल्याने काय काय गंजते, ते मला नका शिकवू.

माझा जन्म लोणी काळभोरला, गेनबा लोहाराच्या भात्यापुढे झाला. पेशवाईचे दिवस होते. गेनबाने माझ्या धारेला चांगले पोलाद लावले, बाभळीचा दांडा बसवला आणि मला उन्हात धरून तो म्हणाला, "ही कुणाच्या बापाला ऐकायची न्हाई." माझ्या आयुष्यात मला मिळालेली ही पहिली शाबासकी आणि जवळजवळ शेवटचीही.

पुण्यात गणेश पेठेत दत्तोबाच्या बापाची जळणाची वखार होती. तिथे मी आले. बाभूळ, आंबा, बोर, जे समोर येईल ते मी फोडत गेले. माझ्या फोडलेल्या लाकडावर किती घरांतला भात शिजला असेल! पुढे म्हातारा वारला आणि वखार दत्तोबाकडे आली. दत्तोबा मालक होता. म्हणजे तो ओट्यावर बसून दुसऱ्यांना "जोरात मार, जोरात" असे सांगायचा. त्याच्या तळहाताला मी कधी घट्टा पाहिला नाही.

वखारीमागेच दत्तोबाचे घर होते आणि बोळाच्या तोंडाशी, नागझरीच्या ओढ्याला पाणी नेणाऱ्या दगडी मोरीवर, एक चिंचेचे झाड होते. त्या चिंचेवर हडळ राहते, असे सगळा बोळ म्हणायचा. दुपारी त्याच चिंचेखाली सगळा बोळ झोपायचा, ती गोष्ट वेगळी.

त्या साली दत्तोबाची बायको मैना बाळंत झाली. मुलगी झाली. बाळंतिणीच्या बाजेखाली लोखंड ठेवायची रीत तेव्हा घरोघर होती. लोखंड असले की भूतखेत जवळ येत नाही म्हणे. इतर घरांत त्यासाठी विळा पुरायचा. पण इथे हडळ अगदी शेजारची! विळ्याला ती काय भीक घालणार? म्हणून मैनेच्या सासूने, सोजरबाईने, वखारीतली सगळ्यांत चांगली कुऱ्हाड मागवली. ती मी. झाडे तोडायला जन्मलेली मी बाजेखाली आडवी पडले आणि न दिसणाऱ्या बाईला घाबरवण्याच्या नोकरीवर लागले.

आणि मग ते वादळ आले.

दिवाळी तोंडावर आली होती. समुद्राकडून निघालेला वारा घाट ओलांडून पुण्यात शिरला, तेव्हा त्याने लहानमोठे काही पाहिले नाही. कौले पानांसारखी उडाली. छपरे शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन बसली. पहाटे वारा थांबला, तेव्हा बोळात मेलेल्या कावळ्यांचा सडा पडला होता आणि चिंच मुळासकट आडवी झाली होती. तिची एक फांदी बरोबर मोरीच्या तोंडात घुसली होती. आता वरच्या गल्ल्यांतले पाणी येत होते, पण जात नव्हते. त्यात पाऊसही रेंगाळला होता.

मित्रांनो, वादळ वाईट असते, पण ते निदान थोड्या वेळात आटोपते. त्यानंतर जे सुरू होते, ते माणसांचे असते.

पहिल्यांदा आले सरकारी शिपाई. मोठ्या रस्त्यावरची आणि एका सरदाराच्या बागेतली झाडे हटवायची होती. त्यांनी वखारीतल्या सगळ्या कुऱ्हाडी नेल्या आणि लाकूडतोडेही नेले. सरदाराची मोसंबी वाचली पाहिजे, बोळाचे काय, बोळ आहेच. मी तेवढी राहिले, कारण बाळंतिणीच्या खोलीत शिपाई पाय ठेवत नाही.

म्हणजे बोळात आता एकच कुऱ्हाड होती आणि एकच फांदी तोडायची होती. मांडीएवढी फांदी! गेनबाच्या हातात मी असते, तर त्याची चिलीम विझायच्या आत काम झाले असते.

पण समोरच्या घरात दिगंबरशास्त्री राहत होते. सगळे त्यांच्याकडे गेले. शास्त्रीबुवांनी पंचांग उघडले, मिटले आणि म्हणाले, "अमावास्या टळू द्या. झाड पडले म्हणजे त्यातली वस्ती बेघर झाली. अशा वेळी खोडाला लोखंड लावले, तर ती पहिल्या ओल्या घरात शिरेल."

"आणि आमच्या घरात तर बाळंतीण हाय," सोजरबाई कपाळाला हात लावून म्हणाली.

"म्हणूनच सांगतो, बाजेखालचे लोखंड हलवू नका."

शास्त्रीबुवा काही दुष्ट नव्हते. त्यांचे जोते फक्त उंच होते. उंच जोत्यावर बसले की अमावास्येपर्यंत थांबणे फार सोपे जाते.

दत्तोबाकडची बाळंतिणीची खोली मात्र घराच्या मागच्या अंगाला, सगळ्यांत सखल जागी होती. भिंती कच्च्या विटांच्या. सोयराचे दिवस संपेपर्यंत मैनेने ती खोली सोडायची नव्हती. माजघराला विटाळ झाला असता. पाणी उंबऱ्यावरून आत आले, तेव्हा सोजरबाईने बाजेच्या पायांखाली विटा सरकवल्या आणि तिला वाटले, झाला बंदोबस्त. शेगडी विझली. ज्या घराच्या दारात जळणाचे डोंगर होते, त्या घरात बाळाला शेक द्यायला एक कोरडा ढलपा मिळेना.

मी बाजेखाली पाण्यात बुडून पडले होते. तिथून मला मैना दिसत नव्हती, पण तिची हालचाल कळत होती. ती झोपत नव्हती. पोरीच्या नाकाजवळ बोट धरायची, टाळूवर तळहात ठेवायची, पायाचे अंगठे चाचपायची, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. मग तिने एक गोष्ट केली, जी त्या बोळात दुसऱ्या कुणालाही सुचली नव्हती. पोरीच्या काजळाच्या डबीत बोट बुडवून, बाजेवरून वाकून, तिने भिंतीवर पाण्याच्या काठाशी एक रेघ ओढली. बस्स. आणि त्या रेघेकडे बघत राहिली.

सकाळी तिने सासूला हाक मारली. "आत्याबाई, रेघ बुडली."

"कसली रेघ?"

"पाणी चढतंय. भिंतीला हात लावला तर बोट आत जातंय. मला माजघरात येऊ द्या, नाहीतर ती फांदी तरी तोडायला सांगा."

"अगं, तोडायची कशानं? कुऱ्हाड तुझ्या बाजेखाली हाय."

"मग काढा की."

"काढली आन् ती आली म्हंजी?"

मित्रांनो, हे संभाषण मी पाण्याखालून ऐकले. भिंत विरघळते आहे, हे दिसत होते, त्याची भीती कुणाला नव्हती. हडळ कुणी पाहिली नव्हती, तिच्या भीतीने सगळे गारठले होते. इतकी वर्षे मी लाकूड फोडले. पण इतके कठीण लाकूड माझ्या वाट्याला कधी आले नाही.

दत्तोबा दाराशी येऊन उभा राहिला. आत यायचे नाही, म्हणून उंबऱ्याबाहेरच. "अगं, अमावास्येला दिवस किती उरलेत? थोडं सोसावं," तो म्हणाला आणि लुगडे कोरडे करायला टाकावे तसे ते वाक्य तिथे टाकून निघून गेला.

मैनेने पोरीला दुपट्यात गुंडाळले, पदराने छातीशी घट्ट बांधले आणि पाय पाण्यात सोडले. गुडघ्यापर्यंत पाणी होते. वाकायला तिला त्रास होत होता. एका हाताने पोरीचे डोके सावरत तिने दुसरा हात बाजेखाली घातला. तिची बोटे माझ्या दांड्याला लागली. किती थंड होती ती! पण पकड ढिली नव्हती.

ती मला ओढत माजघरातून निघाली. माझे पाते जमिनीवर खरखरत होते. सोजरबाई ओरडली, "अगं बये, चूल बाटवलीस!"

"चूल पेटलीय कुठं बाटायला?" मैना म्हणाली आणि थांबली नाही.

बाहेर ओट्यावर बोळातले सगळे पुरुष बसले होते. झाडाच्या मालकीवरून वाद चालला होता. चिंच पडली, तर तिचे लाकूड कोणाचे? शास्त्रीबुवा आपल्या जोत्यावरून मध्ये मध्ये निवाडा देत होते. बाळंतीण दारात दिसल्यावर सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. मैनेने मला दत्तोबाच्या पायाशी टाकले. दगडावर मी खणकन वाजले.

"घ्या. आली बाहेर," ती म्हणाली. "आता काय अडचण आहे?"

"मैना, तू आत जा. लोकं बघतायत."

"बघू देत. दोन दिवस झाडच बघतायत, आज मला बघतील."

शास्त्रीबुवा वरून म्हणाले, "बाई, आपण फार मोठे साहस केलेत. ती वस्ती आता कुठे जाईल, सांगता येत नाही."

"माझ्याकडे येऊ द्या की शास्त्रीबुवा. हडळ आली तर मी बघते तिचं. पाणी आलं तर तुम्ही येणार आहात का खाली?"

शास्त्रीबुवांनी पंचांग दुसऱ्या पानावर उघडले.

शेवटी दत्तोबा उठला. तो शूर झाला, असे समजू नका. चार माणसांत बायकोने पायाशी कुऱ्हाड टाकल्यावर बसून राहणे त्याला कठीण गेले, एवढेच. त्याने मला उचलले, तेही उलटे. कुणीतरी हसले. मग सुलटे धरले. पाण्यात भिजून माझा दांडा फुगून घट्ट बसला होता. बाजेखालच्या नोकरीत मला मिळालेला तो एकमेव फायदा. पहिला घाव फुकट गेला. दुसरा सालीवर घसरला. मग माझे पाते ओल्या लाकडात शिरले आणि कितीतरी दिवसांनी मला माझे नाव आठवले.

तो घाव घालत असतानाच मागून धप्प असा आवाज आला. वीज पडावी तसा नाही. ओले पोते कुणी खाली टाकावे तसा. बाळंतिणीच्या खोलीची भिंत बसली होती. सगळी. बाजेवर. बाजेचे चारही पाय विटांच्या चिखलात गेले आणि काजळाची रेघही गेली.

मैनेने पोरीच्या नाकाजवळ बोट धरले. पोर शिंकली. तेवढ्यात फांदी कडाडून तुटली, मोरीने मोठा घोट घेतला आणि बोळातले पाणी नागझरीकडे धावत सुटले.

आता तुम्हाला वाटेल की माणसे शहाणी झाली. ऐका.

शास्त्रीबुवा म्हणाले, "पाहिलेत? कुऱ्हाड काढली आणि भिंत पडली."

सोजरबाई म्हणाली, "न्हाई न्हाई! कुऱ्हाडीनंच सुनेला बाहेर ओढून आणलं. देवी हाय ती, देवी!"

"आणि मी काय केलं?" मैनेने विचारले. तिला उत्तर द्यायला कुणाला सवड नव्हती. ते हळद शोधत होते.

वादात सोजरबाई जिंकली. मला शेंदूर फासला, हळदकुंकू वाहिले आणि माजघराच्या भिंतीवर टांगले. देवीने लाकूड कसे फोडायचे? मी पुन्हा कधी वखारीत गेले नाही. बोळातल्या बायका येऊन मला नमस्कार करायच्या. मला त्या नमस्कारांची फार चीड यायची. शेंदराखाली गंज किती छान पसरतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. फक्त मैना खंडेनवमीला, सगळे जेवून पडले की, मला खाली उतरवायची, शेंदूर खरवडायची आणि पाट्याच्या दगडावर माझी धार घासायची. एकदा सोजरबाईने पाहिले. "देवीला असं घासतात व्हय?" मैना म्हणाली, "आंघोळ घालतेय, आत्याबाई."

वर्षे गेली. ती पोर मोठी झाली, सासरी गेली आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सोजरबाई तेव्हा नव्हती, पण तिच्यासारख्या बायका कुठे संपतात? त्या धावत आल्या, मला भिंतीवरून काढले आणि बाजेखाली सरकवायला निघाल्या.

मैनेने दारात त्यांचा हात धरला.

"तिथं नको," ती म्हणाली. "दारामागे ठेवा. पोरीचा हात पोचेल अशी."

मित्रांनो, गेनबानंतर मला मिळालेली ती दुसरी शाबासकी.

आज मी पुण्यातल्याच एका दिवाणखान्यात भिंतीवर आहे. मला चकचकीत वॉर्निश लावले आहे, वर एक दिवा सोडला आहे आणि पाहुणे माझ्याबरोबर फोटो काढतात. तुम्हीही काढा, हरकत नाही. पण तुमच्या घरात माझ्यासारखे एखादे जुने हत्यार असेल, तर त्याला हार घालू नका. त्याचा दांडा घट्ट करा, धार लावा, तेलाचा हात फिरवा आणि दारामागे ठेवा. वारा पुन्हा येईल. तो येताना पंचांग बघत नाही.