नळीवरचं सातवं भोक

तांब्याच्या त्या नळीला अकरा भोकं आहेत. पहिली सहा एका रेषेत, आठव्यापासून पुढची पुन्हा त्याच रेषेत, आणि मधलं सातवं रेषेच्या दीड मिलिमीटर खाली. चौदा वर्षांपूर्वी मी ते व्हर्नियरने मोजलं होतं. आता नळी वेणूबाईंच्या मांडीवर होती. दसऱ्याच्या झेंडूची वाळलेली माळ अजून तिच्याभोवती गुंडाळलेली होती, आणि चष्मा न लावताही मला सातवं भोक वेगळं दिसत होतं.

"ने ना, बाय," वेणूबाई म्हणाल्या. "साहेबांना पायजे बोलतंस तर ने. पन परत आनून दे. दसऱ्याला पूजाला लागते."

"आणून देईन."

"आं?"

"आणून देईन," मी आवाज चढवून म्हणाले. त्यांना आता फार कमी ऐकू येतं.

मोरिवलीतलं हे घर कागदाच्या मिलच्या मागच्या भिंतीला जवळजवळ चिकटून आहे. ड्रायरची वाफ त्यांच्या खिडकीतून दिसते. मी बत्तीस वर्षं त्या भिंतीच्या पलीकडे, प्रयोगशाळेत काम करते आहे. चालत सात मिनिटांचं अंतर. त्यांचे पती महिपती गेल्यावर भेटायला आले होते ती एकदा, आणि ही दुसरी खेप. पर्समध्ये तीन पानांचं प्रतिज्ञापत्र होतं. चार वाजेपर्यंत उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या नोटरीसमोर त्यावर माझी सही व्हायची होती.

कागदाचं मशीन सुरू करताना ओल्या कागदाची वीतभर रुंद पट्टी आधी पुढे न्यावी लागते. पूर्वी ती तापलेल्या दोन सिलिंडरांच्या फटीत हाताने सारायचे आणि हात वेळेत मागे घ्यायचे. गोदू नावाच्या कामगाराचा हात वेळेत मागे आला नाही. कोपरापर्यंत गेला. त्या आठवड्यात मॅनेजमेंटने भिंतीवर धोक्याचे तीन पिवळे बोर्ड लावले. त्याच पाळीवर मशीन चालवणाऱ्या महिपती गायकरांनी घरी बसून ही नळी केली. हवेच्या पाइपाला ती जोडली की वाऱ्याच्या झोताने पट्टी आपोआप फटीत जायची. माणूस दोन हात लांब उभा.

नळी किती तिरकी धरायची, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. "भात उफनताना वारा सरल आला तर दानेपन उडतात, मॅडम," ते म्हणाले होते. "वारा तिरका पायजे." मी माझ्या मुलीच्या, इराच्या कंपासपेटीतला कोनमापक आणला. बावीस अंश. नळी खाली ठेवायला लावली, पुन्हा धरायला लावली. बावीस. पाच वेळा तसंच केलं. एकवीस आणि तेवीसच्या बाहेर त्यांचा हात गेला नाही. त्या दिवशी मी फार आनंदात घरी गेले. तो आनंद खरा होता, इतकंच मी स्वतःच्या बाजूने सांगू शकते.

त्या मशीनवर नंतर एकही हात गेला नाही. उन्मेष कारखानीस तेव्हा प्लँट इंजिनिअर होता, आता डायरेक्टर आहे. पेटंटचा फॉर्म त्यानेच आणला.

"शोधक कोण लिहायचं?" मी विचारलं होतं.

"आपण दोघं."

"आणि महिपती?"

"उमा, नववी नापास आहे तो. उद्या पेटंट ऑफिसने विचारलं, बावीसच का, तर काय सांगणार? आमच्याकडे भात उफणतात म्हणून? कोन कोणी मोजला? तू. ड्रॉइंग कोणी केलं? तू. उगाच इमोशनल होऊ नकोस."

मी इमोशनल नव्हते. मला ते पटलं होतं, आणि आज तेच जास्त लागतं. तोवर अठरा वर्षं मी दुसऱ्यांच्या कागदातला ओलावा मोजत होते. माझं नाव कधी कुठे छापलं गेलं नव्हतं.

ड्रॉइंग मी जसं मोजलं तसं काढलं, सातव्या भोकासकट. उन्मेषने विचारलं, "हे खाली का?" मी म्हणाले, "तसंच आहे." तो म्हणाला, "मग काहीतरी कारण असणार." आणि पेटंटच्या दाव्यात वाक्य गेलं: सातवं छिद्र मध्यरेषेपासून दीड मिलिमीटर विस्थापित. महिपती त्या वेळी खाली मशीनवर होते, पहिल्या पाळीला. जिना उतरून त्यांना विचारावं असं आम्हां दोघांपैकी एकालाही वाटलं नाही.

आता एका मोठ्या कंपनीने तशीच नळी बाजारात आणली आहे, सातवं भोकही तसंच खाली ठेवून. आमच्या मिलने दावा लावला. त्यांच्या वकिलाने एकच प्रश्न विचारला: ते भोक खाली असण्याचा उपयोग काय? उत्तर आमच्याकडे नव्हतं. म्हणून आमच्या वकिलाने ते लिहून आणलं. प्रतिज्ञापत्राच्या दुसऱ्या पानावर आहे: मी, उमा पेठे, एकोणीस चाचण्या आणि गणिताच्या आधारे ही जागा निश्चित केली. सोबत मूळ नळी जोडायची होती. ती आणायला उन्मेषने मलाच पाठवलं, कारण त्याच्या शब्दांत सांगायचं तर, 'म्हातारी तुला नाही म्हणायची नाही.'

"वेणूबाई," मी भोकावर बोट ठेवून मोठ्याने विचारलं, "हे एवढं एकच असं खाली का केलं, काही बोलले होते का?"

वेणूबाईंनी नळी डोळ्यांजवळ नेली आणि तोंडावर पदर धरून हसायला लागल्या.

"आगो बाय, ती माजी करामत! हितंच ओट्यावर बसलेले ड्रिल घेऊन. मी हाक मारली, जेवाला या, सुकट गार होते. ऐकनात. मंग मी आशी जोरान हाक मारली, का दचकले आन ड्रिल सरकली. आठ दिस मना बोलत व्हते, तुज्या सुकटीनं माजी रेघ बिगरवली."

"मग बदलली नाही?"

"तांबा काय फुकट येतो? बोलले, ऱ्हाऊ दे. वारा काय रेघ बगून जातो काय?"

मीही हसले. मग पर्समधल्या एकोणीस चाचण्या आठवल्या.

सोनिया, वेणूबाईंची सून, चहा घेऊन आली. ती बदलापूरला एका सी.ए.कडे नोकरी करते. आज सुट्टी घेतली असावी. मी आल्यापासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. कप तिने माझ्या हातात दिला नाही, समोर ठेवला.

"चाय पी आन त्यो कागदपन बग," वेणूबाईंनी देव्हाऱ्याशेजारी बोट दाखवलं. "साहेबांना सांग, कसा जपलाय."

पेटंटच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, लॅमिनेशन केलेली. पेटंट मिळालं त्या दिवशी मिलमध्ये पेढे वाटले होते, आणि महिपतींनी हट्टाने ही प्रत मागून घेतली होती. प्रयोगशाळेच्या दारात उभं राहून त्यांनी मला विचारलं, "विंग्रजी हाय. यात आपलं नाव कुटं, मॅडम?" मी बोट ठेवलं. कुठे ठेवलं ते पाहिलंही नाही. त्यांनी खिशातलं बॉलपेन काढून तिथे बरोबरची खूण केली आणि मला पेढा दिला.

खूण अजून ठळक आहे.

"मी लग्न होऊन आले त्याच वर्षी वाचलंय ते," सोनिया माझ्या मागे येऊन हळू आवाजात म्हणाली. "बी.कॉम. आहे मी, मॅडम. टिक अंबरनाथवर आहे. तुमच्या मिलच्या अ‍ॅड्रेसवर. इन्व्हेंटरच्या पुढे तुमचं नाव आहे."

मी चष्मा लावून त्या ओळीकडे पाहिलं.

"पप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. पोलिओवाल्या बाईला पण सोडलं नाही. मी बोलले असते तर काय, अटॅक दोन वर्षं आधी आला असता, बस. गेले तेव्हा आईंनी ते त्यांच्या छातीवर ठेवलेलं. उचलायच्या आधी काढून घेतलं आणि तेराव्याला परत इथे टांगलं. आता तुम्ही नळीपण घेऊन चालल्या."

"काय बोलता गो?" वेणूबाईंनी विचारलं.

"काय नाय, आई. साखर कमी झाली चायमधे."

फोन वाजला. उन्मेष.

"मिळाली का नळी?"

"मिळाली."

"ग्रेट! गाडी पाठवतो, पावणेचार झालेत, नोटरी थांबलाय. आणि तिथे जास्त काही बोलत बसू नकोस. दिवाळीला एक शाल-बिल पाठवून देऊ."

"उन्मेष, सातवं भोक चुकून पडलंय. ड्रिल सरकली होती."

"बरं. हे कोणाला माहीत आहे?"

"त्यांच्या बायकोला."

"मग झालं तर. ती काय कोर्टात येणार आहे?"

मी नळीकडे पाहिलं. वेणूबाई माळेतली वाळलेली फुलं एकेक करून सोडवत होत्या, साहेबांकडे स्वच्छ जावी म्हणून.

"मी सही करणार नाही," मी म्हणाले. "नळी महिपतींनी केली. मी फक्त मोजली. कोर्टात हेच सांगेन."

"चौदा वर्षांनी सुचलं? रिटायरमेंटला एक वर्ष उरलं असताना? पेटंट रद्द होईल, उमा. तुझं नाव खराब होईल, माझं होईल, आणि त्या लोकांना काय मिळेल? शून्य! जरा हिशोब कर."

त्याचं बरोबर होतं. हिशोब मी येतानाच केला होता. पेटंट गेलं की ती नळी कोणाच्याच नावावर उरणार नव्हती, आणि या घरातल्या भिंतीवर होतं तेवढंही जाणार होतं. वेणूबाई माझ्या ओठांकडे बघत होत्या. शब्द कळत नव्हते, पण नवऱ्याचं नाव घेतलेलं त्यांनी ओळखलं होतं.

"ह्यांचं काय बोलतंस?"

मी सोनियाकडे पाहिलं. वाटलं, ती मान हलवेल, नको म्हणेल.

"आता मोठ्यानं बोला," सोनिया म्हणाली. "त्यांना ऐकू जाऊ दे."

फोन मी कानापासून खाली घेतला. उन्मेषचा आवाज त्यातून बारीक येत राहिला.

"वेणूबाई," मी म्हणाले, शेजारच्या घरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "त्या कागदावर महिपतींचं नाव नाही. माझं आहे. आणि ते मी खोडायला सांगणार आहे."